सात, आठ आणि साठ : उतारवयातल्या कानांचा हिशेब

‘कार्यक्रम संध्याकाळी सातला आहे, वेळेवर या,’ असं फोनवर सांगितलेलं असतं. आजोबा आठला पोचतात. निम्मा कार्यक्रम संपलेला असतो, मुलगा चिडतो, सून गप्प बसते आणि आजोबा ठामपणे सांगतात, ‘मला आठच सांगितलं होतं.’ ते खोटं बोलत नसतात आणि विसरलेलेही नसतात. त्यांना खरोखर ‘आठ’ ऐकू आलेलं असतं.

पाच, सात, आठ, साठ हे चारही आकडे एकाच ‘आ’वर उभे आहेत. हा ‘आ’ भरदार असतो, खालच्या पट्टीत असतो आणि लांबवर पोचतो. ‘स’ म्हणजे मात्र दातांमागून निसटलेली हवेची सळसळ. तिची बहुतेक ऊर्जा चार हजार हर्ट्झच्या वर असते आणि तीही क्षीण. श, च, फ, ख, ठ यांचीही थोड्याफार फरकानं तीच गत. बोलण्याचा दणदणीतपणा स्वरांत असतो, अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो. वय वाढताना कान आधी वरच्या पट्ट्या गमावतो. त्यामुळे आवाज येत राहतो आणि अर्थ गळून जातो. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार कानाच्या डॉक्टरांकडे रोज येते. घरच्यांना ती सबब वाटते. वैद्यकाच्या दृष्टीनं ते दुखण्याचं अगदी अचूक वर्णन आहे.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. नळीच्या तोंडाशी उंच स्वर टिपले जातात, टोकाकडे खर्ज. प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या रांगेत असतात आणि मेंदूकडे संदेश पाठवण्याचं मुख्य काम त्यांचं. उरलेल्या बाहेरच्या पेशी दुसरंच काम करतात. हळू आवाज आला की त्या स्वतः आखडतात-ताणतात आणि तो आवाज वाढवून आतल्या पेशींपर्यंत पोचवतात. मोठ्या आवाजाला त्या अशी मदत करत नाहीत, कारण त्याला गरज नसते. उतारवयात सहसा या बाहेरच्या पेशी आधी जातात. म्हणजे हळू आवाजाला मिळणारी मदत थांबते, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा पोचतो. आजी आधी ‘काय म्हणालास?’ विचारते आणि जरा चढ्या आवाजात पुन्हा सांगितलं की ‘ओरडतोस कशाला, मी काय बहिरी आहे?’ म्हणते. या दोन वाक्यांत विसंगती काहीच नाही. ऐकू येण्याची खालची मर्यादा वर सरकली आहे, असह्य होण्याची मर्यादा होती तिथेच आहे आणि मधली जागा आक्रसली आहे.

या पेशी जन्माआधीच तयार झालेल्या असतात. मेलेल्या पेशीच्या जागी माणसात नवी येत नाही. म्हणून श्रवण ‘परत आणणं’ आजच्या घडीला जवळजवळ अशक्य आहे. प्रश्न एवढाच उरतो, की जाण्याचा वेग कमी करता येतो का? त्यासाठी आधी ठरवावं लागतं, की कान जातो तो वयानं जातो की आणखी कशानं.

१८९० च्या दशकात उट्रेख्टच्या हेंड्रिक झ्वार्डेमाकर यांनी फ्रान्सिस गाल्टन यांची शिट्टी वापरून वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे कान तपासले. वय वाढतं तशी ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच स्वराची मर्यादा खाली येते, हे त्यांनी मांडलं. तेव्हापासून पाऊणएकशे वर्षं हे केस पांढरे होण्यासारखंच निसर्गाचं देणं आहे, असं बहुतेकांनी धरून चाललं. त्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून.

सॅम्युअल रोझेन हे न्यूयॉर्कचे कानाचे शल्यचिकित्सक. सुदानच्या आग्नेय भागात, इथिओपियाच्या सीमेजवळ मबान लोकांची वस्ती होती. तो प्रदेश आज दक्षिण सुदानमध्ये मोडतो. यंत्रं नाहीत, बंदुका नाहीत, रहदारी नाही. खेड्यातला एरवीचा आवाज चाळीस डेसिबलच्या खाली, म्हणजे आपल्याकडच्या वाचनालयाइतका. रोझेन आणि सहकाऱ्यांनी श्रवणमापनाची यंत्रं तिथं नेली आणि १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मबान वृद्धांचे कान अमेरिकेतल्या त्यांच्या समवयस्कांपेक्षा पुष्कळ चांगले होते. बातमी गाजली. आवाज नसेल तर कान म्हातारा होत नाही, असा सोपा अर्थ त्यातून काढला गेला.

अर्थ तितका सोपा नव्हता. मबानांकडे जन्मनोंदी नव्हत्या, त्यामुळे वयं अंदाजानं धरलेली होती. आणि त्यांच्याकडे फक्त शांतता होती असंही नव्हे. त्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नव्हता, आहार साधा होता, हृदयविकार जवळपास दिसत नव्हता. मग कान राखले ते शांततेनं की रक्तवाहिन्यांनी? रोझेन यांनाही हा प्रश्न पडला. पुढे ते फिनलंडमधल्या रुग्णालयांत गेले आणि आहारातली चरबी, हृदय आणि श्रवण यांचा संबंध शोधू लागले. आजच्या कसोट्यांवर त्यांचे अभ्यास कच्चे ठरतील. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ज्याला आपण ‘वय’ म्हणतो, त्यात वय किती आणि बाकीचं किती?

आवाजानं कान जातो हे काही नवं ज्ञान नव्हतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे. दिवसभर तांब्यावर ठोके घालून त्यांचे कान अधू होतात आणि म्हातारपणी ते पुरते बहिरे होतात, असं तो नोंदवतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्यांनी एखादी दुपार काढली आहे, त्यांना याचं स्पष्टीकरण लागणार नाही. इंग्लंडात लँकेशायरच्या मागखात्यातल्या बायकांनी ओठ वाचण्याची आणि हातवाऱ्यांची स्वतःची बोलीच तयार केली होती. मागांच्या खडखडाटात दुसरा इलाज नव्हता आणि पुढे कान गेल्यावर तीच बोली उपयोगी पडे.

नवं ज्ञान आलं ते अलीकडे, मुख्यतः बॉस्टनहून. तिथल्या हॅरॉल्ड श्युकनेक्ट यांनी मृत्यूनंतर दान केलेले कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वार्धक्यातल्या बहिरेपणाचे प्रकार पाडले होते. त्यातला एक प्रकार कॉक्लियाच्या ‘बॅटरी’चा. स्ट्रिया नावाचं ऊतक आतल्या द्रवाला विद्युतदाब पुरवतं. ते सुकलं की पेशी असूनही काम मंदावतं. कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत या बॅटरीला मोठा मान होता, कारण प्रयोगशाळेतल्या शांत पिंजऱ्यात म्हाताऱ्या होणाऱ्या प्राण्यांत हीच बॅटरी मंदावलेली दिसे. २०२० मध्ये पेइ-झे वू, चार्ल्स लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १२० मानवी कानांतल्या पेशी नव्या पद्धतीनं मोजल्या आणि त्या त्या व्यक्तीच्या हयातीतल्या श्रवणचाचणीशी ताडून पाहिल्या. माणसाचं ऐकणं किती गेलं हे प्रामुख्यानं केशपेशींच्या नाशावरून ठरत होतं. बॅटरीचा वाटा त्या मानानं किरकोळ निघाला.

हा तपशील कोरडा वाटेल, पण सगळी आशा त्यातच आहे. शांततेत वाढलेल्या प्राण्याचा कान म्हातारा होतो तेव्हा बॅटरी जाते. माणसाचा म्हातारा होतो तेव्हा मुख्यतः पेशी मेलेल्या असतात. मग या पेशींना निव्वळ वयानं मारलं असं म्हणणं अवघड होतं. त्यांतला काही भाग आयुष्यभर कानांवर आदळलेल्या आवाजाचा असणार. जे बाहेरून आलं ते अडवता येतं.

लिबरमन आणि शॅरन कुजावा यांचा २००९ चा उंदरांवरचा प्रयोग यापुढची पायरी आहे. त्यांनी उंदरांना दोन तास शंभर डेसिबलचा आवाज ऐकवला. कान तात्पुरते बधिर झाले आणि काही दिवसांत चाचणी पुन्हा पूर्ववत आली. आपण अशा वेळी ‘कान सुटला’ म्हणतो. केशपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशी आणि श्रवणमज्जातंतू यांच्यामधले सांधे तपासले, तेव्हा कॉक्लियाच्या काही भागांत निम्म्यापर्यंत सांधे कायमचे तुटलेले आढळले. नेहमीची श्रवणचाचणी शांत खोलीत, एकेका स्वराची होते. तिच्यात हे नुकसान दिसत नाही, कारण उरलेल्या तारांवर तेवढं काम भागतं. ते दिसतं गोंगाटात, लग्नाच्या पंगतीत, चार जण एकदम बोलत असताना. याआधी २००६ मध्ये याच दोघांनी दाखवलं होतं, की तरुणपणी आवाज सोसलेल्या उंदरांचे कान पुढे, आवाज थांबल्यानंतरही, इतरांपेक्षा लवकर म्हातारे होतात. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी उधळलेल्या तारुण्याचा मिश्किल उल्लेख केला आहे. माणसांत हे कितपत लागू होतं यावर वाद आहे. तरीसुद्धा मिरवणुकीनंतर रात्रभर कानात वाजणारी शिट्टी सकाळी थांबली म्हणून हिशेब मिटला, असं आता कोणी जबाबदारीनं म्हणू शकत नाही.

हिशेबाचं गणित थोडं चमत्कारिक आहे. डेसिबल हे लघुगणकी माप असल्यानं तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संशोधन संस्थेची शिफारस अशी : ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबानं शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. आपल्या कारखाना नियमांत मर्यादा ९० डेसिबलला आठ तास आहे आणि वेळ निम्मा होतो तो पाच डेसिबलनी. त्या हिशेबानं शंभर डेसिबलला दोन तास. केशपेशी तीच, माणूस तोच, पंधरा मिनिटांचे दोन तास कागदावर होतात. शिवाय भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतली पुष्कळशी लहान मागघरं कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. तिथं माग आणि संसार एका भिंतीच्या आड चालतो, म्हणजे हिशेब कामगाराचा एकट्याचा नसतो, पाळण्यातल्या पोराचाही असतो.

आणि आपले सण. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय विसर्जन मिरवणुकीतला लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज वर्षानुवर्षं मोजत आलं आहे आणि काही वर्षांची सरासरीही शंभर डेसिबलच्या वर गेलेली आहे. मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांची आवाज फाउंडेशन हेच काम नेटानं करते. फटाक्याला कायद्यानं फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. वात पेटवून पळणारा मुलगा चार मीटरवर पोचलेला असतोच असं नाही. ढोल-ताशाच्या पथकात सराव महिनोन्‌महिने चालतो. चाळीसपन्नास रुपयांच्या फोमच्या बोळ्यांनी, नीट आतपर्यंत बसवले तर, वीसएक डेसिबल कमी होतात. ताल तितकाच कळतो. पण बोळे घालणारा वादक भित्रा ठरतो, ही आपली गंमत आहे. हेडफोनबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे चाळीस तास असा आहे. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवला की हे तास भराभर संपतात.

साठी उलटलेला वाचक इथं म्हणेल, की आमचा खर्च होऊन गेला, आता काय? उरलेलं जपणं हे त्याही वयात अर्थपूर्ण आहे आणि त्यात आवाजाखेरीज इतर गोष्टी येतात. कॉक्लियाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी एकच, बारीक आणि पर्यायी मार्ग नसलेली. म्हणून धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांचा कानाशी संबंध येतो. विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावातल्या ३,७५३ रहिवाशांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, धूम्रपान करणाऱ्यांत श्रवणदोषाची शक्यता न करणाऱ्यांच्या सुमारे १.७ पट होती. औषधांचं प्रकरण त्याहून थेट आहे. स्ट्रेप्टोमायसिननं क्षयरोगी वाचले आणि त्यांतल्या कित्येकांचे कान व तोल गेले. जेंटामायसिन, अमिकासिन, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन हीही केशपेशींना विषारी. ही औषधं जीव वाचवण्यासाठीच दिली जातात, तेव्हा ती नाकारू नयेत. मात्र आईकडच्या नात्यात कुणाला अशा इंजेक्शनानंतर बहिरेपण आलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. त्यामागे आईकडूनच येणारा एक जनुकीय दोष असू शकतो आणि त्यात थोडी मात्राही कान घेऊन जाते.

गोळ्यांचं काय? कानाच्या आरोग्यासाठी म्हणून पुष्कळ काही विकलं जातं. त्यांतल्या बहुतेकांमागे चांगला पुरावा नाही. नेदरलँड्समध्ये ७२८ वयस्क स्त्री-पुरुषांना तीन वर्षं रोज फॉलिक ॲसिड किंवा दिसायला तशीच पोकळ गोळी दिली गेली. २००७ मध्ये निकाल आला. बोलण्याच्या खालच्या पट्ट्यांतली घसरण फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत १.० डेसिबल झाली आणि दुसऱ्या गटात १.७. फरक ०.७ डेसिबलचा, तोही मुळात रक्तात होमोसिस्टीन वाढलेल्या लोकांत. वरच्या पट्ट्यांत, जिथं ‘सात’चा ‘स’ राहतो, काहीच फरक नाही. म्हणजे वेग कमी करता येतो याचा हा प्रामाणिक पुरावा आहे आणि तो किती तुटपुंजा आहे याचाही. कानात कोमट तेल सोडण्याबद्दल एवढंच, की ते पडद्याच्या अलीकडे राहतं, कॉक्लियापर्यंत जातच नाही. ‘कानात तेल घालून ऐकणं’ वाक्प्रचारातच ठीक आहे. पडद्याला भोक असेल तर ते अपायकारकही ठरतं.

पेशी नव्यानं उगवण्याची आशा पक्ष्यांनी लावली. कोंबडीच्या पिल्लांत आणि लाव्यांत नष्ट झालेल्या केशपेशी परत येतात, हे १९८० च्या दशकात दिसलं. तेव्हापासून सस्तन प्राण्यांत तसं का होत नाही याचा शोध सुरू आहे. एका अमेरिकन कंपनीचं कानात टोचायचं औषध सुरुवातीच्या चाचण्यांत आशादायक वाटलं होतं. २०२३ मध्ये मोठ्या चाचणीत ते पोकळ औषधाहून सरस ठरलं नाही आणि कंपनीनं तो नाद सोडला.

कान जायचा थोडाफार जाणारच. पण कानामागचं जे जातं, ते थांबवता येतं का? जॉन्स हॉपकिन्सच्या फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ६३९ जणांचा अनेक वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. सौम्य श्रवणदोष असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट आणि तीव्र दोषात पाचपट आढळला. हा संबंध आहे, कारण नव्हे. मेंदूची शक्ती अर्धवट शब्द जुळवण्यात खर्च होत असेल, माणूस एकटा पडत असेल, किंवा दोन्हींच्या मुळाशी बिघडलेल्या रक्तवाहिन्या असतील. श्रवणयंत्रानं हे बदलतं का, हे पाहण्यासाठी ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांची तीन वर्षांची चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला : सर्वांचा मिळून विचार करता बौद्धिक ऱ्हासात फरक पडला नाही. मात्र ज्यांना आधीपासून हृदयविकाराचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता अशा छोट्या गटात ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी झाला. वर्तमानपत्रांनी दुसरं वाक्य मथळ्यात घेतलं आणि पहिलं खाली ढकललं. मला दोन्ही एकत्र वाचणं बरं वाटतं. यंत्र हे स्मृतिभ्रंशावरचं औषध नाही. काहींच्या बाबतीत ते बरंच काही राखत असावं.

आणि स्मृतिभ्रंश बाजूला ठेवला तरी यंत्राचं काम उरतंच. चष्मा लावणाऱ्याला आपण म्हातारा म्हणत नाही, यंत्र लावणाऱ्याला म्हणतो. त्यामुळे ऐकू येणं कमी झाल्यावर यंत्र घेण्यात वर्षं जातात आणि घेतलेलं यंत्र कपाटात राहतं. ‘यंत्रानं कान आळशी होतो’ ही भीती निराधार आहे. नीट बसवलेल्या यंत्रानं उरलेलं श्रवण घटत नाही, तसं ते परतही येत नाही. पहिल्या दिवशी सगळं जग पत्र्याचं वाटतं. भांडी, पंखा, स्वतःचे चप्पल घासणारे पाय. मेंदूनं विसरलेले आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात आणि आपल्याकडे यंत्र विकणारा त्या आठवड्यांत सहसा भेटत नाही. पन्नाशीत एकदा श्रवणचाचणी करून तो आलेख जपून ठेवावा, म्हणजे पुढची घसरण मोजायला आधार मिळतो. चाचणीआधी मळ काढून घ्यावा. कित्येकांचा ‘बहिरेपणा’ तिथंच संपतो. आणि एका कानाचं ऐकणं एकदोन दिवसांत अचानक गेलं, तर ते वय म्हणून सोडू नये. ती तातडीची बाब आहे, पहिल्या काही दिवसांत स्टिरॉइड सुरू झालं तर कान वाचण्याची शक्यता असते.

घरच्यांना यात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलू नये. चेहरा उजेडात ठेवावा, ओठ दिसू द्यावेत, टीव्ही आधी बंद करावा. ओरडण्यानं स्वर फुगतात, व्यंजनं तिथंच राहतात. म्हणून आवाज चढवण्यापेक्षा वेग कमी करावा. एक शब्द दोनदा निसटला तर तोच तिसऱ्यांदा न फेकता वाक्य बदलावं. ‘सातला’ कळलं नाही, तर ‘संध्याकाळी, बातम्या लागायच्या वेळेला’ म्हणावं, आणि शक्य असेल तर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवावं.